उतारवयातले दत्तविधान

'दत्तक' हा शब्द मराठी माणसाला कधीच नुसता कौटुंबिक वाटत नाही. त्याच्यामागे इतिहास उभा असतो. दत्तक नामंजूर झाले म्हणून १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि १८५४ मध्ये झाशीचे. बडोद्याचे राज्य मात्र दत्तकाने तरले. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी नाशिककडच्या कवळाणे गावातील गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला. तोच पुढे सयाजीराव झाला आणि १९३९ पर्यंत बडोद्याच्या गादीवर राहिला. राजघराण्यांची ही गोष्ट सामान्य घरांतही लहान प्रमाणावर घडत आली. वंश चालावा, वाडा-शेत परक्याच्या हाती जाऊ नये, शेवटी पाणी पाजायला आणि नंतर पिंड द्यायला कोणी असावे, या काळजीतून दत्तविधाने झाली. दत्तक घ्यायचे ते पुढच्या काळासाठी, हे इतके गृहीत धरलेले असे की, कोणी ते बोलूनही दाखवीत नसे.

त्याच बडोद्यात, दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी घरात, २०२२ च्या पावसाळ्यात एक दत्तविधान झाले. घेणाऱ्या बाई त्र्याहत्तर वर्षांच्या. मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. पती सात वर्षांपूर्वी वारलेले, मुलगा बेंगळुरूला. मोहल्ल्यात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. वाण्याच्या दुकानातला गुजराती मुलगाही 'बाई'च म्हणतो. आणि दत्तक आलेली होती बारा वर्षांची एक मांजर.

प्राण्यांच्या बाबतीत हा शब्द आता सर्रास वापरला जातो. अनाथ वा जखमी जनावरे सांभाळणाऱ्या संस्थांच्या पाट्यांवर तो असतो, अर्जांवर असतो. भाषेविषयी काटेकोर असणाऱ्यांना तो खटकतो. कुत्रे-मांजर पाळावे, त्याला दत्तक कसले घ्यायचे, असा त्यांचा सवाल असतो. बाईंनाही तो प्रथम खटकला होता. परंतु त्या ज्या कामासाठी शहराबाहेरच्या त्या संस्थेत गेल्या होत्या, ते काम पुरे होईपर्यंत हा शब्द त्यांना वेगळ्याच बाजूने दिसू लागला.

काम साधे होते. घरातली जुनी सतरंजी आणि चादरी देऊन यायच्या. संस्थेतल्या मांजरांच्या खोलीत त्या दिवशी पिलांची गर्दी होती. उन्हाळ्यात झालेली पिले पावसात आईपासून तुटतात, गटारात सापडतात, कोणीतरी खोक्यात घालून आणून ठेवतो. ती खेळत होती, जाळीला लोंबकळत होती, आणि त्यांना पाहायला दोन कुटुंबे आली होती. खालच्या रांगेत, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात, राखाडी पट्ट्यांची एक मांजर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर 'मीनी' असे नाव होते आणि वयाच्या रकान्यात '१२?' असा आकडा. प्रश्नचिन्ह योग्यच होते. मांजराचे पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन संपतात. त्यानंतर दातांवरचे कीटण, बुबुळातील बदल, केसांचा पोत यांवरून अंदाज करावा लागतो, आणि वय जसजसे वाढते तसतसा अंदाज सैल होत जातो.

बाई तिथे थबकलेल्या पाहून सांभाळणारी मुलगी जवळ आली. "मासी, आ तो घरडी छे," ती म्हणाली. या तर म्हातारीकडे पाहताहेत, तेव्हा आधीच सांगून टाकावे, असा तो सूर. मग तिने हकिकत सांगितली. एक एकटे वृद्ध गृहस्थ तिला सांभाळीत होते. ते गेले, घर विकले गेले, आणि एका सकाळी मांजर वेताच्या टोपलीत घालून संस्थेच्या फाटकाशी ठेवलेली मिळाली. टोपलीत एका चिठ्ठीवर फक्त नाव होते. या गोष्टीला वर्ष झाले होते. वर्षभरात तिच्या डोक्यावरून चाळीसेक पिले घरोघर गेली होती.

त्या रात्री मुलाशी फोनवर बोलणे झाले.

"आई, तुला सोबतच हवी असेल तर एखादं छान पिल्लू आण ना. म्हातारं जनावर कशाला? आजारपणं निघतील, आणि दोन वर्षांत तू रडत बसशील."

"पिल्लू पंधरा वर्षं जगेल. मी तेव्हा अठ्ठ्याऐंशीची. माझ्यामागं ते कुठं जाईल, ते सांग."

"मी आहे ना."

"तू आहेस रे. पण तुझं घर चौदाव्या मजल्यावर आणि सूनबाईंना केसांचा दमा. त्या गृहस्थांनाही कोणीतरी होतंच की."

मुलगा यावर काही बोलला नाही. बाईंचे गणित भावनेचे नव्हते, ते खरोखरीचेच गणित होते. उतारवयात प्राणी सांभाळू नये असे म्हणतात, ते पिलांच्या बाबतीत खरे आहे. म्हाताऱ्या जनावराच्या बाबतीत तोच हिशेब उलटा पडतो. ज्याच्या हाती थोडा काळ आहे त्याने थोडाच काळ उरलेल्याला घ्यावे, यात दोघांपैकी कोणाचीही फसवणूक नाही.

परंपरेचा आधार शोधायचा तर तोही सापडतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तक जाणाऱ्याला पंधरा वर्षे पुरी झालेली नसावीत असे ठरवले. मात्र तशी रूढी असेल तर अपवाद मान्य केला. हा अपवाद ठेवावा लागला तो ज्या प्रदेशांमुळे, त्यांत मराठी मुलूख ठळक होता. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात काशीत बसून 'व्यवहारमयूख' लिहिला. विवाह झालेला, इतकेच काय, मुलगा झालेला पुरुषही दत्तक होऊ शकतो, असे त्यांनी आपल्या वडिलांच्या मताचा हवाला देऊन नमूद केले. पुढे मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तेच प्रमाण धरले, आणि दत्तक घेणाऱ्यापेक्षा दत्तक जाणारा वयाने मोठा असला तरी चालेल, इथपर्यंत मजल गेली. वय झालेल्या, स्वतःचे आयुष्य जगून आलेल्या कोणालातरी आपले म्हणता येते, ही कल्पना मराठी धर्मशास्त्राला परकी नव्हती. अर्थात शास्त्रकारांच्या मनात तेव्हाही मिळकत आणि पिंड हेच होते.

याच कायद्याची आणखी दोन कलमे इथे आठवण्याजोगी आहेत. दत्तक वैध व्हायला दत्तहोम आवश्यक नाही. आवश्यक आहे ते प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे. आणि एकदा वैध झालेले दत्तक रद्द करता येत नाही. संस्थेच्या अर्जात यातले पहिले होते, दुसरे नव्हते. 'न जमल्यास प्राणी परत आणून द्यावा, रस्त्यावर सोडू नये' असे तिथे स्पष्ट छापलेले होते. ती सूचना शहाणपणाची आहे. तिच्यामुळे पुष्कळ जनावरे पुन्हा रस्त्यावर येण्यापासून वाचतात. पण म्हाताऱ्या जनावराला ती विशेष लागू पडते, कारण त्याला परत करण्याची कारणे लवकर सापडतात.

बाईंनाही सापडली. पहिले अठरा दिवस मीनी लोखंडी कपाटाखालून बाहेर आली नाही. रात्री केव्हातरी खाऊन जाई. वाळूच्या ट्रेऐवजी तिने कोशांच्या खालच्या फळीवर घाण केली. एका जुन्या संस्कृत कोशाचे दोन खंड फुगून निकामी झाले. मध्यरात्री ती घशातून एक लांब, भसाडा आवाज काढी, तो ऐकून शेजारचे उठत. "मने, ये," म्हणून बाईंनी किती वेळा हाक मारली, पण मांजरीचा कानही हलला नाही. मग एका दुपारी दारावर आलेल्या भाजीवालीशी बाई गुजरातीत बोलत होत्या, आणि कपाटाखालून दोन डोळे पुढे आले. त्या दिवसापासून बाई तिच्याशी गुजरातीत बोलू लागल्या. "मीनी, आव" म्हटल्यावर ती पहिल्यांदा वाटीपर्यंत दिवसाउजेडी चालत आली. दत्तक जाणाऱ्याचे गोत्र बदलते, नाव बदलते, असा नियम आहे. इथे नाव तेच राहिले आणि घेणाऱ्याच्याच घराने आपली भाषा थोडी बदलून घेतली.

या मधल्या दिवसांत मुलाने एकदा विचारले होते, "परत द्यायची मुदत किती आहे?" बाईंनी उत्तर दिले, "मुदत नाही. म्हणूनच ठरवावं लागलं." अर्जाची प्रत त्यांनी त्याच संध्याकाळी फाडली नाही की जाळली नाही, कायद्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवून दिली, इतकेच.

आपल्या वाङ्मयाने म्हाताऱ्या मांजराला फारशी दयाबुद्धी दाखवलेली नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी हात वर करून तप करणारे मांजर येते. उंदीर त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि एकेक करून कमी होत जातात. हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका चांद्रायणव्रताच्या गोष्टी सांगून जरद्गव या आंधळ्या म्हाताऱ्या गिधाडाला फसवतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटातही एक मांजर तपस्व्याच्या मुद्रेत उभे आहे. मनुस्मृतीने ढोंगी धार्मिकाला 'बैडालव्रतिक' असे नावच देऊन टाकले. तरुण मांजर चपळ म्हणून धोक्याचे आणि म्हातारे मांजर शांत म्हणून त्याहून धोक्याचे, असा हा न्याय आहे.

बाईंनी हे सारे वर्गात शिकवले होते. प्रत्यक्ष म्हाताऱ्या मांजराचा सहवास घडल्यावर त्यांना जाणवले की, मांजर लपवते हे खरे, पण ते लपवते आपले दुखणे. लंगडत नाही, विव्हळत नाही; पूर्वी ज्या खिडकीवर उडी मारीत असे तिथे उडी मारायचे सोडून देते, आणि घरच्यांना वाटते, स्वभाव शांत झाला. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली; त्यांतल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. मीनी वाळूच्या ट्रेमध्ये जात नव्हती, कारण ट्रेची कड उंच होती आणि तिचे मागचे गुडघे वाकत नव्हते. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर बाईंनी ट्रेची एक बाजू सुताराकडून कापून घेतली. त्यानंतर कोशांच्या फळीला धोका राहिला नाही. ज्याला इतके दिवस जनावराची खोड समजले जात होते, ती चार बोटांची उंची होती.

खाण्याचा प्रश्न अधिक अवघड होता. घर शाकाहारी, देवघर स्वयंपाकघराला लागून. दूध-भाकरीवर मांजर जगते ही समजूत घरोघर आहे. वस्तुतः वाढलेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, आणि मांसातून मिळणाऱ्या टॉरिनसारख्या घटकांवाचून त्यांचे डोळे आणि हृदय कमजोर होते. हे कळल्यावर बाईंनी मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, वेगळे पातेले घेतले, आणि ज्या हातांनी आयुष्यात अंडेही फोडले नव्हते त्या हातांनी कोंबडीचे मांस उकडायला सुरुवात केली. पहिले काही दिवस नाकाला पदर लावून. नंतर पदर लावायचे राहून गेले. शेजारच्या एका वयस्कर बाईंनी विचारलेच, "बाई, या वयात हे काय?" त्यावर त्यांचे उत्तर होते, "ती माझा धर्म पाळायला आलेली नाही." शेजारणीचे येणे पुढे महिनाभर बंद झाले. बाईंना ते लागले. पण शेगडी तिथेच राहिली.

गुजरातच्या भूमीला असा प्रश्न नवा नाही. रॅल्फ फिच हा इंग्रज व्यापारी सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात हिंडून गेला. खंबायतेत लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी इस्पितळे आहेत, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. हे खंबायत बडोद्याहून फारसे दूर नाही. पांजरपोळांची परंपरा या प्रदेशात खोल रुजली, आणि तिथूनच व्यापाऱ्यांबरोबर मुंबईला गेली. मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकुमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा १८३२ मध्ये दंगल उसळली; त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तिथली पांजरपोळ उभी राहिली. या संस्थांचे ऋण मोठे आहे. निरुपयोगी झालेल्या जनावराला मरेपर्यंत दाणापाणी मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी व्यवहारात आणले.

परंतु पांजरपोळीत जनावर अनेकांतले एक असते. त्याला जीवदान मिळते. त्याच्या सवयींना जागा मिळतेच असे नाही. म्हातारपणी जगणे म्हणजे पुष्कळसे सवयींचेच जगणे असते. माणसाच्या बाबतीत हे आपण जाणतो. वृद्धाश्रमात पोट भरते, औषध मिळते, पण चहाच्या आधी वर्तमानपत्र की नंतर, हे विचारणारे कोणी नसते. मीनीची एक सवय बाईंच्या ध्यानात आली ती तिसऱ्या महिन्यात. संध्याकाळी सातच्या सुमारास ती कोठेही असली तरी उठून पुढच्या दाराशी जाऊन बसे. दाराकडे तोंड, शेपटी पायांभोवती. अर्धा-पाऊण तास तशीच बसून मग उठून येई. तिच्या पूर्वीच्या घरी त्या वेळेस कोणीतरी परतत असले पाहिजे. कायदा सांगतो की दत्तक झाल्यावर जन्मघराशी असलेले सर्व संबंध संपतात. मीनीचे संपले नव्हते. बाईंनी ते संपवण्याचा प्रयत्न केला नाही. उलट पूर्वी त्या सातला दार लावून दूरदर्शनसमोर बसत, ते त्यांनी बदलले. आता त्या वेळी दार उघडे असते, जाळीचे तेवढे ओढलेले, आणि ओटीवरचा दिवा लागलेला असतो. बाईंच्या घरीही एके काळी त्या वेळेस कोणीतरी परतत असे. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलेली नाही.

दुसऱ्या वर्षी मीनी पाणी फार पिऊ लागली. म्हाताऱ्या मांजरांत हे लक्षण बहुधा मूत्रपिंडाकडे बोट दाखवते. आणि मूत्रपिंडाचे मोठे काम निकामी होईपर्यंत वरून काहीच कळत नाही. रक्त तपासले, तसेच निघाले. रोग बरा होणारा नव्हता, लांबवता येण्याजोगा होता. आहार बदलायचा आणि दिवसाआड शंभर मिलिलिटर सलाइन कातडीखाली द्यायचे. बाईंचे हात सुई धरताना थरथरत. वरच्या मजल्यावरची औषधनिर्माणशास्त्र शिकणारी मुलगी एकदा मदतीला आली आणि मग येतच राहिली. "आजी, तुम्ही नुसतं तिचं डोकं धरा, मी टोचते," ती म्हणे. मांजर बाईंच्या मांडीवर, बाटली खुंटीला, आणि दहा मिनिटे तिघींपैकी कोणीच बोलत नसे.

वैष्णव आचार्यांच्या परंपरेत शरणागतीचे दोन प्रकार सांगतात. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तो मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारन्याय. दक्षिणेत या दोन न्यायांवरून श्रीवैष्णवांचे दोन पंथ वेगळे ओळखले गेले. दोन्ही न्याय पिलांचे आहेत. म्हाताऱ्या मांजराला मानगुटीला धरून उचलता येत नाही. त्याला तसे उचलले तर दुखते, आणि त्याचा विश्वास उडतो. एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्याने मागच्या पायांखाली आधार द्यावा लागतो, आणि ते स्वतः अंग सैल सोडील तोवर थांबावे लागते. या तिसऱ्या न्यायाला शास्त्रात नाव नाही. शुश्रूषा करणाऱ्या सर्वांना तो ठाऊक असतो.

दवाखान्यात मीनीची एक फाइल आहे. तिच्यावर डॉक्टर दर वर्षी नवे वय लिहितात, संस्थेने दिलेले प्रश्नचिन्ह मात्र काढीत नाहीत. '१२?', '१३?', '१४?' अशी एकाखाली एक नोंद आहे. गेल्या वेळी डॉक्टरांनी, मालकांखेरीज आणखी कोणाचा दूरध्वनी क्रमांक लिहू, असे विचारले. बाईंना नुकतीच पंचाहत्तर पुरी झाली होती, आणि प्रश्न का विचारला हे त्यांना समजले. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. घरी येऊन त्या जिना चढून वरच्या मजल्यावर गेल्या, त्या मुलीच्या आईवडिलांसमोर बसल्या, आणि स्वच्छ शब्दांत विचारले: आपल्यामागे मीनी राहिली, तर ती या घरी येऊ शकेल का? मुलीच्या वडिलांनी आधी हे बोलणे थांबवू पाहिले, मग विचार केला, मग होकार दिला. आई म्हणाली, "पण कोंबडी आमच्या गॅलरीत उकडायची बाई, आत नाही."

कायद्याला हवे असलेले देणे-घेणे ते हेच. देणारी हयात, घेणारी हयात, आणि दोन्ही घरांच्या संमतीने. वारसा म्हणून द्यायला एक कापलेला ट्रे, एक पातेले, एक शेगडी, आणि संध्याकाळी सातला दार उघडे ठेवायची सूचना. मुलीने फाइल चाळून पाहिली, औषधांची यादी वहीत उतरवून घेतली, आणि शनिवारच्या सलाइनला सुया संपत आल्या आहेत, याची आठवण करून दिली.